मालधक्क्यावर सांडलेले धान्य : व्यवहार आणि जीवदया

धान्याचा व्यापारी पोत्यांचा हिशेब ठेवतो, बारदानाचा ठेवतो, हमालीचा व तोलाईचा ठेवतो. परंतु वाघिणीतून माल उतरताना धक्क्यावर आणि रुळांच्या खडीत जे धान्य सांडते, त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. वहीत ते 'घट' या दोन अक्षरांत नावे पडते आणि विषय संपतो. रिकाम्या वाघिणी निघून जातात, हमाल घरोघर जातात, आणि माल गुदामात पोचला की व्यापारी निश्चिंत होतो. मागे राहिलेल्या धान्याचे पुढे काय होते, याची विचारपूस करण्याची आपल्याला गरज वाटत नाही. फार झाले तर 'पाखरांच्या मुखी लागेल' असे म्हणून आपण मनाचे समाधान करून घेतो. हे समाधान खरे नव्हे, आणि सांडलेला माल उचलणे हा माल सोडवून घेण्याइतकाच आपल्या कर्तव्याचा भाग आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

आज आपल्यापैकी बहुतेकांचा माल ट्रकने येतो, हे खरे. तथापि सरकारी धान्य, खते, सिमेंट यांची मोठी वाहतूक अद्याप रेल्वेनेच होते, आणि आपल्यातील काही बंधूंचा गुदामांशी, गिरण्यांशी व सायडिंगांशी नित्य संबंध येतो. शिवाय जे रुळाला लागू, तेच थोड्याफार फरकाने बाजार समितीच्या ओट्याला आणि ट्रकच्या धक्क्यालाही लागू आहे.

धान्य सांडते कसे

आमच्या बेळगाव भागातील जुन्या व्यापाऱ्यांना मिरजेच्या मालधक्क्याची आठवण असेलच. १९७१ साली पुणे-मिरज मार्ग रुंद झाला. परंतु मिरजेच्या दक्षिणेकडील आपला मार्ग १९९० नंतरच्या दशकात रुंद होईपर्यंत मीटर गेजच राहिला. त्यामुळे उत्तरेकडील गहू मिरजेस एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागे. जेवढ्या वेळा पोते पाठीवर चढते व उतरते, तेवढ्या वेळा ते सांडण्याचा संभव वाढतो. आपल्या गव्हाला मिरजेमुळे ही एक जास्तीची फेरी सोसावी लागत असे.

आता ती अदलाबदल संपली. सांडण्याची इतर कारणे मात्र कायम आहेत. पहिले कारण हमालाचा आकडा. पोत्यावर 'आकडा लावू नये' असे छापलेले असते, तरी घाईत आकडा लागतोच, आणि तागाचे दोन धागे तुटले की त्या भोकातून गहू पाण्यासारखा वाहू लागतो. दुसरे कारण कमकुवत शिलाई. जुने बारदान तिसऱ्यांदा वापरले आणि तोंड दोन-चार टाक्यांत आवळले की ते पोते उचलताच उसवते. तिसरे कारण वाघिणीचा दरवाजा. त्याच्या फटीत जुने बारदान न कोंबता पोती लावली, तर वाटेतील धक्क्यांनी सांडलेले धान्य दरवाजा उघडताच खाली येते. चौथे कारण वाघीण आणि धक्का यांच्यामधील मोकळी जागा. फळी टाकून हमाल ये-जा करतो, आणि पाठीवरील पोत्यातून गळणारे दाणे थेट रुळात पडतात.

या सर्वांच्या मुळाशी घाई आहे. रेल्वेने दिलेल्या मुदतीत वाघिणी रिकाम्या झाल्या नाहीत तर डेमरेज लागते. माल धक्क्यावरून वेळेत हलला नाही तर व्हार्फेज लागते. घड्याळाकडे पाहून व्यापारी मुकादमाला टोचतो, मुकादम हमालाला टोचतो, आणि हमाल पोत्याला आकडा टोचतो.

नुकसान किती, याचा एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. पूर्ण रेक अडीच हजार टनांचा धरला, तर पन्नास किलोची पन्नास हजार पोती झाली. शंभरात एकच पोते फाटले आणि त्यातून अर्धा किलोच दाणे गळले असे मानले, तरी पाचशे पोत्यांतून अडीचशे किलो धान्य खाली पडते. एका पोत्याकडे पाहता ही घट नगण्य. रुळाकडे पाहता ती पाच पोत्यांची रास आहे.

रुळांत पडलेले धान्य काय करते

रुळाखालची खडी केवळ आधारासाठी नसते. तिच्यामधील पोकळीतून पावसाचे पाणी निथळून जावे, हा तिचा मोठा उपयोग. त्या पोकळीत धान्य, भुसा व धूळ साचली की पाणी अडते, जमीन मऊ होते आणि रूळ बसू लागतो. दाणे कुजतात किंवा त्यांना मोड येतात. उंदीर व घुशी बिळे करतात, आणि त्यांच्यामागे साप येतात.

काट्यांच्या जागी धोका अधिक. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेण्यासाठी काट्याची निमुळती पट्टी मुख्य रुळाला घट्ट चिकटावी लागते. त्या फटीत धान्य व माती यांचा दाबून घट्ट झालेला गोळा, दोरीचा तुकडा किंवा बारदानाची चिंधी अडकली, तर पट्टी पूर्ण बसत नाही आणि चाक घसरण्याचा संभव उत्पन्न होतो.

कारखान्यांच्या आवारात रूळ पुष्कळदा फरसबंदीत बसविलेले असतात. तेथे चाकाच्या आतील कडेसाठी रुळालगत खाच ठेवलेली असते. फाटकाच्या जागीही तशीच खाच असते. रुंद मार्गावर फाटकाच्या जागी तिची रुंदी ५१ ते ५७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच असते. सिमेंट, खत किंवा ओले पीठ या खाचेत भरून वाळले की दगडासारखे घट्ट होते. मग चाकाची कड त्यावर चढते आणि वाघीण रूळ सोडते. शेंगदाणा, सोयाबीन यांसारखी तेलबी रुळाच्या माथ्यावर चिरडली तर चाके घसरतात. अशा प्रसंगी चाकाला पकड मिळावी म्हणूनच इंजिनात वाळूची पेटी असते.

हे झाले लोखंडाचे नुकसान. जिवाचे नुकसान याहून मोठे. धान्याच्या वासाने गुरे, शेळ्या, कुत्री व पाखरे रुळावर येतात. खाण्यात गुंग झालेल्या जनावराला गाडीची चाहूल उशिरा लागते. आणि केवळ जनावरेच येतात असे नाही.

एक अनुभव

१९८१ सालच्या श्रावणातील गोष्ट. मी तेव्हा नुकताच वडिलांच्या हाताखाली पेढीवर बसू लागलो होतो. आमचा गहू आमच्या बाजूच्या एका स्थानकाच्या धक्क्यावर उतरत होता. पावसाची सर येऊन गेलेली, पोती ओलसर, हमाल दमलेले. संध्याकाळी शेवटचे पोते गाडीत चढल्यावर मुकादम म्हणाला, "सावकार, खाली बरंच सांडलंय. दोन माणसं लावून झाडून घेऊ काय?"

मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "राहू दे, मामा. श्रावण आहे. पाखरांना मिळेल, गाईवासरांना मिळेल."

मुकादम काही बोलला नाही. मी मात्र मनात थोडा प्रसन्नच झालो. आपल्या हातून दानधर्म घडला असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या वाघिणी अद्याप तेथेच उभ्या होत्या. जवळच्या वस्तीतील काही बायका सूप व डबे घेऊन दाणे वेचण्यास आल्या होत्या. धक्क्यालगतचे दाणे वेचून झाल्यावर त्यांतील एक जण वाघिणीखाली शिरली. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला इंजिन येऊन लागले. त्या धक्क्याने वाघिणी हात-दोन हातच सरकल्या. परंतु तेवढ्यात त्या बाईचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. जीव वाचला. तिची लहान मुलगी डबा घेऊन धक्क्यावर उभी होती.

इंजिनवाल्याने शिटी दिली नव्हती असे कोणी म्हणाले, बाईने तेथे शिरावयास नको होते असे कोणी म्हणाले. मीही तसेच काहीसे अण्णांपुढे बोललो. अण्णा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, तू काल दान दिलं नाहीस. तू झाडायची मजुरी वाचवलीस."

पुढे त्यांनी त्या घरी नियमाने धान्य पाठविले आणि मुलीच्या शाळेकडे लक्ष दिले. परंतु त्याने झालेली गोष्ट न झाल्यासारखी झाली नाही. दान म्हणजे योग्य स्थळी, योग्य रीतीने, घेणाऱ्याच्या कल्याणाचा विचार करून दिलेली वस्तू. जेथे घेणाऱ्याचा प्राण जाऊ शकतो, अशा जागी टाकून दिलेली वस्तू दान होत नाही.

परदेशातील दोन उदाहरणे

ही आपल्याकडीलच रड आहे असे नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानालगतच्या डोंगरी मार्गावर, १९८९ च्या सुमारास मालगाड्या घसरून मोठ्या प्रमाणावर मका सांडला. पुष्कळसा उचलला गेला. उरलेला मातीखाली पुरण्यात आला. पुरलेला मका आंबला, त्याचा वास सुटला, आणि ग्रिझली जातीची अस्वले तो उकरून खाण्यासाठी रुळाजवळ येऊ लागली. त्यांतील कित्येक गाडीखाली मेली. वरून माती ओढली की सफाई झाली, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. माती ओढल्याने दाणे आपल्या डोळ्यांआड होतात, प्राण्यांच्या नाकाआड होत नाहीत.

दुसरे उदाहरण कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाचे. तेथील लोहमार्गावरून धान्याच्या गाड्या सतत जातात. पोत्यांऐवजी मोकळे धान्य भरलेल्या त्या वाघिणींच्या तळाशी झडपा असतात. त्या नीट न मिटल्यास वाटभर दाणे गळतात. तेथेही रुळावर अस्वले मरू लागली, तेव्हा २०१० साली रेल्वे कंपनी आणि उद्यान खाते यांनी मिळून पाच वर्षांसाठी दहा लाख डॉलरची योजना आखली. संशोधकांनी पाहणी केली. मृत्यूंना धान्याखेरीज गाड्यांचा वेग, मार्गाची वळणे अशी इतर कारणेही आहेत असे दिसून आले. तरी गळक्या झडपा दुरुस्त करणे आणि सांडलेले धान्य हवेच्या दाबाने ओढून घेणाऱ्या यंत्राने उचलणे, हे दोन्ही उपाय तेथे योजण्यात आले. अस्वलाच्या प्राणासाठी एवढे होत असेल, तर जीवदया हा ज्यांचा कुलधर्म त्या आपण किती करावयास हवे, याचा विचार आपणच करावा.

सफाईची रीत

सर्वांत चांगली सफाई म्हणजे सांडूच न देणे. पोती उतरवण्यापूर्वी वाघीण आणि धक्का यांच्यामध्ये ताडपत्रीची झोळी बांधावी. चार दोऱ्या आणि दहा मिनिटे यांपलीकडे तिला काही लागत नाही. मग गळणारे दाणे रुळात न पडता झोळीत स्वच्छ राहतात. प्रत्येक टोळीबरोबर दाभण व सुतळी घेतलेला एक माणूस असावा. फाटलेले पोते दिसताच ते तेथेच शिवावे. आकडा घरी ठेवावा. हमालास पोत्यामागे मजुरी देताना फाटलेल्या पोत्याबद्दल दंड करण्यापेक्षा, धड पोत्यांबद्दल थोडे अधिक द्यावे. याचा गुण अधिक येतो.

तरी जे सांडते, ते उचलताना पुढील क्रम पाळावा.

पहिली गोष्ट, मालबाबूची परवानगी घेतल्याशिवाय कोणासही रुळात उतरू देऊ नये. परवानगीविना रुळांच्या हद्दीत शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. परवानगी घेताना या मार्गावर किती वेळ इंजिन येणार नाही हे विचारून घ्यावे, आणि दोन्ही बाजूंस लाल निशाण लावलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

दुसरी गोष्ट, उभ्या वाघिणीखाली कोणीही, कोणत्याही कारणाने शिरू नये. वाघिणी निघून गेल्यावर मगच मधला भाग झाडावा. एक तास उशीर झाला तरी चालेल.

तिसरी गोष्ट, वरून विजेची तार गेलेली असेल तर लांब बांबू, लोखंडी पहार, ओली ताडपत्री वर उचलू नये, व वाघिणीच्या टपावर कोणी चढू नये. त्या तारेत पंचवीस हजार व्होल्टचा प्रवाह असतो.

यानंतर सफाई. प्रथम काटे, मग खाचा, मग रुळाचा माथा, मग खडी आणि शेवटी गटार. काट्याच्या हलत्या भागास रेल्वेच्या माणसाशिवाय कोणी हात लावू नये. तो भाग त्याच्याकडूनच स्वच्छ करून घ्यावा. खराटा, लाकडी फावडे, घमेले व चाळण एवढी साधने पुरतात. पाणी मारू नये. दाणे फुगून खडीत रुततात. जाळू नये, बारदानाला आग लागते आणि असंख्य जीव मरतात. पुरू नये; कारण वर सांगितलेच आहे.

आणि हे सर्व त्याच दिवशी करावे. या एका गोष्टीत आपल्या धर्माचे मर्म आहे. कोरडे धान्य आज उचलले तर ते केवळ झाडणे होय. पावसाळ्यात तेच चार दिवस पडून राहिले की त्यात अळ्या, सोंडे व नाना प्रकारचे त्रस जीव उत्पन्न होतात. मग खराटा फिरवावा तर हिंसा, न फिरवावा तरी हिंसा. आपल्या मुनींसाठी पाच समिती सांगितल्या आहेत; त्यांत वस्तू उचलताना व ठेवताना सावध राहणे ही आदान-निक्षेपण समिती, आणि टाकावयाचे ते निर्जंतुक जागी टाकणे ही उत्सर्ग समिती आहे. गृहस्थाला त्या पूर्णत्वाने पाळता येत नाहीत, परंतु धक्क्यावर उभे राहून त्यांचे स्मरण ठेवण्यास काय हरकत आहे?

उचललेले धान्य कोणाचे आणि कशासाठी

झोळीत पडलेले स्वच्छ धान्य मालकाचेच. ते तोलून त्याच्या खात्यात जमा करावे. एका रेकमध्ये अनेकांचा माल असेल आणि दाणे मिसळले असतील, तर पोत्यांच्या प्रमाणात वाटून घ्यावे किंवा सर्वांच्या संमतीने एकत्र विकावे. दुसऱ्याचा दाणा त्याने दिल्याशिवाय आपल्या पोत्यात जाणे हे अदत्तादान होय. तो जमिनीवर पडलेला होता एवढ्याने तो आपला होत नाही.

धक्क्याच्या फरशीवरील झाडण वेगळी ठेवावी. चाळून, पाखडून, नीट पाहून ती गुरांच्या उपयोगी पडेल. मात्र त्या धक्क्यावर आधी काय उतरले होते याची चौकशी करावी. युरिया खत गुरांच्या पोटात अधिक गेल्यास विषच ठरते. बियाण्याला लावलेली रंगीत औषधेही तशीच. खडीतून निघालेले धान्य माणसांना, गुरांना किंवा पाखरांनाही घालू नये. त्यात तेल, घाण, उंदरांचे मूत्र आणि बुरशी असते. त्याची रुळापासून दूर, कुंपण घातलेल्या जागी खतासाठी रवानगी करावी. पाखरांना दाणे घालावयाचे असतील तर ते आपल्या पोत्यातील चांगले घालावेत, आणि चबुतऱ्यावर घालावेत.

नुकसानभरपाईविषयी दोन शब्द. माल फुटक्या-फाटक्या स्थितीत आलेला दिसला तर तो तसाच उचलू नये. रेल्वे कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे उघडी डिलिव्हरी मागावी, म्हणजे रेल्वेच्या माणसासमक्ष तूट नोंदली जाते. मागणीची नोटीस माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते, हे कलम १०६ सांगते. मात्र धक्क्यावर आपल्याच हमालांच्या हातून सांडलेल्या मालाची भरपाई रेल्वेकडे मागणे न्यायाला धरून नाही.

संघास एक विनंती

त्या श्रावणानंतर आमच्या पेढीच्या वहीत 'झाडणी' नावाचे एक स्वतंत्र खाते उघडले गेले. माल उतरण्याच्या दिवशी दोन-तीन माणसांची मजुरी त्यात आधीच लिहिली जाते. मग सांडो वा न सांडो. हे खाते अण्णांनी उघडले, मी चालविले, आणि आता माझा मुलगा चालवितो; पूर्वी धक्क्यावर, आता ट्रकच्या ओट्यावर. या खर्चामुळे आमच्या पेढीस कधी तोटा झाला नाही. झोळीतील धान्य पाहता मजुरीचा बराचसा भाग भरूनच निघतो.

माझी संघास नम्र सूचना आहे की, जेथे जेथे आपल्या सभासदांचा माल रेल्वेने उतरतो, तेथे सर्वांनी मिळून पोत्यामागे अल्पशी रक्कम काढून सामायिक झाडणीची व्यवस्था करावी. त्यासाठी नवी माणसे शोधण्याची गरज नाही. ज्या बायका पोटासाठी सूप घेऊन रुळात येतात, त्यांनाच मालबाबूच्या परवानगीने, ठरलेल्या वेळी, रोख रोजावर कामास लावावे, आणि वर पायलीभर चांगले धान्य द्यावे. मग त्यांना वाघिणीखाली शिरण्याचे कारण उरणार नाही.

सभासद बंधूंनी या सूचनेचा विचार करावा, आणि पुढील वेळी माल उतरल्यावर धक्का सोडण्यापूर्वी एकदा वाकून रुळांकडे पाहावे, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो. जय जिनेंद्र.